मास्तरांचे संकटनिवारक जाकीट

गल्लीच्या वळणावर मास्तरांचे शिवणकामाचे दुकान आहे. गळ्यात मापाची फीत, ओठांत टाचण्या आणि कानामागे खडू अशा सालंकृत अवस्थेत ते तेथे विराजमान असतात. समोरच्या देहाची विद्या, अधिकार, प्रतिष्ठा यांना यत्किंचितही भीक न घालता ते प्रत्येकाला एकच उपदेश करतात : "पोट सोडा. मी कुणाला सांगत नाही." न्यायाधीशापासून न्हाव्यापर्यंत सर्वांनी त्यांच्यापुढे निमूटपणे पोट सोडलेले आहे.

साठी उलटल्यावर मास्तरांना डोंगर चढण्याचा नाद लागला, आणि त्यास कारण त्यांची मेव्हणी. रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहात परिचारिका म्हणून तिने भल्याभल्या शल्यविशारदांना पुन्हा हात धुवायला लावले होते. निवृत्तीनंतर तितक्याच निष्ठुरपणे ती एक भटकंती मंडळ चालवू लागली. मास्तर आणि त्यांची पत्नी त्याचे आद्य सभासद. मशीनवर वाकून वाकून धनुष्याकृती झालेला मास्तरांचा कणा सरळ व्हायचा तो केवळ डोंगरावर. खाली उतरताच तो पुन्हा वाके.

परंतु मागच्या खेपेस ते धुक्यात हरवले. वाटेवरच्या शेतात एक बुजगावणे उभे होते आणि त्याच्या अंगातील कोटाचा खांदा कुणा अज्ञात कारागिराने फार सुरेख बसवला होता. तो पाहण्यासाठी मास्तर थबकले. मंडळाने त्यांना हुडकून काढले तेव्हा बुजगावणे विवस्त्र होते, कोट उलटा होऊन गवतावर पसरला होता, आणि मास्तर त्याच्या अस्तरापुढे ध्यानस्थ बसले होते.

मेव्हणीने तेथल्या तेथे निवाडा दिला. संकटसमयी लागणारे साहित्य यापुढे प्रत्येकाने आटोपशीर बांधून अंगावर बाळगायचे. इतरांसाठी ही सूचना होती, मास्तरांसाठी परीक्षा. पुढच्या डोंगराच्या माथ्यावर त्यांनी आपली शिट्टी काढून फुंकायची. पायथ्याशी थांबलेल्या बसच्या ड्रायव्हरने ऐकून हॉर्न दिला, तर पास.

"आणि नाही दिला, तर भावोजी, यापुढे तुम्ही बसमध्येच बसायचं. ड्रायव्हरला सोबत."

ड्रायव्हरला मूतखडा झाला होता आणि त्या खड्याचे समग्र चरित्र तो आनंदाने सांगत असे. मास्तरांनी ते एकदा ऐकले होते.

बाकीच्या सभासदांनी आपापले साहित्य डब्यांत भरले. मास्तरांना डबा ही कल्पनाच असह्य. खिशात डबा म्हणजे चांगल्या कपड्याला गळू. त्यांनी त्यासाठी स्वतंत्र जाकीटच शिवले. अस्तराच्या आत लहान लहान कप्पे काढले : छातीशी प्लास्टिकची शिट्टी, काखेखाली मेणबत्तीचा तुकडा आणि चॉकलेट, कमरेला गुंडाळलेली पट्टी, पाठीवर पातळ दोरी, बरगडीपाशी आरसा. प्रत्येक कप्प्याचे तोंड कच्च्या टाक्याने बंद केले. दोऱ्याचे टोक ओढले की कप्पा उघडावा. काडेपेटी तेवढी पत्नीने स्वतःकडे ठेवून घेतली. अग्नी आणि नवरा या दोघांना एकत्र सोडू नये, असा तिचा संसारातील अनुभव होता.

येथवर सर्व निर्दोष होते. परंतु जाकीट हँगरला लावल्यावर मास्तरांना त्याच्या छातीवर फुगवटा दिसला. शिवलेला कपडा इस्त्रीवाचून दुकानाबाहेर जाऊ द्यायचा नाही, हे त्यांचे आजन्म व्रत. त्यांनी वर ओले फडके अंथरले आणि आपली वजनदार इस्त्री सर्वांगावर भक्तिभावाने फिरवली. फुगवटा बसला. तो का बसला, हा प्रश्न त्यांच्या मनास शिवला नाही.

सुटीच्या दिवशी मंडळ माथ्यावर पोहोचले. मास्तर ताठ उभे राहिले, मेव्हणीकडे पाहून खाकरले आणि त्यांनी दोरा ओढला. कप्पा झटकन उघडला. आतून जी वस्तू निघाली ती पिवळी, चपटी आणि किंचित वळलेली होती.

"हे काय?" मेव्हणीने विचारले.

"शिट्टी."

तिने दुसरा दोरा ओढून पाहिला. मेणबत्ती आणि चॉकलेट यांचे अस्तराच्या साक्षीने अद्वैत झाले होते.

"भावोजी, तुम्ही इस्त्री केलीत?"

"फुगवटा होता," मास्तर म्हणाले, आणि अधिक चौकशी होण्यापूर्वी त्यांनी ती चपटी वस्तू ओठांत धरून सर्व प्राणशक्तीनिशी फुंकली.

त्यातून जो ध्वनी निघाला तो सभ्य घरात झाला की सर्व जण खिडकीबाहेर पाहू लागतात. येथे खिडकी नव्हती. क्षणभर मंडळाने संयम पाळला. मग मास्तरांच्या पत्नीचा बांध फुटला. ती खडकावर बसून डोळे पुसत हसू लागली आणि पाठोपाठ सारे मंडळ खदखदले. ते हास्य दरी ओलांडून समोरच्या कड्यावर आदळले आणि दुप्पट होऊन खाली गेले. खालून हॉर्न वाजला. लांब, कर्तव्यदक्ष.

"पास," मास्तर म्हणाले.

मेव्हणीने हरकत घेतली. हॉर्न हसण्याला मिळाला होता, शिट्टीला नव्हे. एकटे हरवल्यावर हसायला कोण असणार? मास्तरांनी शांतपणे निदर्शनास आणले की नियम हॉर्न वाजण्याचा होता, तो कशाने वाजावा याविषयी नियम मौन होता. तेव्हा मेव्हणीने स्वतःच्या गळ्यातील पोलादी शिट्टी काढली. खरी शिट्टी कशी ऐकू जाते ते आता सर्वांनी पाहावे, असे म्हणून तिने ती फुंकली. डोंगर कापत गेला तो आवाज.

खाली बस 'वाहने उभी करू नयेत' या फलकाखाली उभी होती. ठरल्याप्रमाणे हॉर्न देऊन ड्रायव्हर आपल्या जबाबदारीतून मुक्त झाला होता. आणि अशा जागी अशा करड्या शिट्टीचा त्याच्या आयुष्यात एकच अर्थ होता : वाहतूक पोलीस. माथ्यावरून सर्वांनी पाहिले. बस सुरू झाली, वळली आणि सर्वांचे जेवण पोटात घेऊन वेगाने दिसेनाशी झाली.

मास्तरांनी टोमणा मारला नाही, हे त्यांच्या खाती जमा धरले पाहिजे.

मेव्हणीने शिट्टी हळूच गळपट्ट्यात सरकवली आणि मंडळाला ओळीने उभे केले. आता हमरस्त्याच्या पुढच्या नाक्यापर्यंत पायीच जावे लागणार होते.

"भावोजी," ती त्यांच्याकडे न पाहता म्हणाली, "तुम्ही मधे चाला."

मास्तरांनी जाकिटाच्या गुंड्या लावल्या आणि ओळीत आपली जागा घेतली. वाट दुपटीने लांबली होती, सगळे उपाशी होते, आणि त्या संपूर्ण रांगेत प्रसन्न चेहरा एकच होता.