मर्झूकच्या खजुरावर

सुलक्षणा मुणगेकर शारजात खानावळ चालवतात. मूळच्या मालवणजवळच्या आचऱ्याच्या. वडील लोकांच्या बागांत माडांवर चढून नारळ पाडायचे. ही गोष्ट सुलक्षणाबाई हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांतही खणखणीत आवाजात सांगतात.

गेल्या मार्चमध्ये त्या अल ऐनच्या बाजूला एक जुनी, जपून ठेवलेली खजुराची बाग बघायला गेल्या. सोबत नवरा विजयकुमार आणि कॉलेजात शिकणारी मुलगी पर्णिका. बाग दाखवणारा फहद चाळिशीचा, हसतमुख, आणि हिंदी बोलायचा विजयकुमारांपेक्षा बरी. त्याने जुन्या मालकाचं मातीचं दुमजली घर दाखवलं, कॉफीची भांडी, बंदुका, पाहुण्यांची बैठक दाखवली. मालकाच्या दिलदारीचे किस्सेही रंगवून सांगितले. सुलक्षणाबाई मात्र खिडकीतून झाडांचे शेंडे बघत होत्या.

"भाईसाब, इतने पेडों पर चढता कौन था?"

"कामगार," फहद म्हणाला.

"वो रहते कहाँ थे?"

"आई, लेट हिम फिनिश!" पर्णिका कुजबुजली.

फहदने बैठकीचं दार ओढून घेतलं. मग म्हणाला, "यल्ला, चलिए, आइए."

पाण्याच्या पाटाकाठाने तो त्यांना मागच्या अंगाला घेऊन गेला. तिथे एक बुटकी खोली होती. ना पाटी, ना दिवा.

"इथे माझे आजोबा राहायचे. मर्झूक," तो म्हणाला. लहानपणी त्यांना समुद्रापलीकडून, आफ्रिकेतून, पळवून आणलं आणि इथे विकलं. मोकळे झाले तेव्हा मिशा पांढऱ्या व्हायला लागल्या होत्या. आडनाव मालकाचंच लागलं. आज मालकाची नातवंडं आणि फहद ईदला एका ताटात जेवतात, आणि ते प्रेमही खोटं नाही. "फक्त या खोलीबद्दल कुणी काही विचारत नाही. मग मीही सांगत नाही."

सुलक्षणाबाईंनी विचारलं, "त्यांनी लावलेलं एखादं झाड आहे?"

होतं. मोकळं झाल्यावर लावलेलं पहिलं, खोलीच्या दारातच. फळ धरावं म्हणून त्याच्या फुलोऱ्यात नर-झाडाचा तुरा खोचायचं काम त्या दिवशी व्हायचं होतं. तोडून आणलेला तुरा आणि चढायचा दोराचा पट्टा बुंध्याशीच पडले होते.

"मी चढू?"

"मॅडम, ऊंचा है."

"माझ्या बापाच्या माडापेक्षा ठेंगणंच आहे!" ओढणी कमरेला खोचून त्यांनी तीत तुरा अडकवला आणि पट्टा बुंध्याभोवती घालून पाठीमागून घेतला.

"ओ माय गॉड, आई, यू आर फिफ्टी-टू!"

"म्हणूनच घाई करते!"

छाटलेल्या झावळ्यांच्या खुंटांवर पाय रोवत त्या चढल्या. मध्येच एकदा पाय सटकला तसे विजयकुमारांनी डोळे मिटून घेतले. वर पोचून त्यांनी तुरा नीट खोचला आणि तिथूनच ओरडल्या, "माडाला असल्या आयत्या पायऱ्या असत्या तर माझे बाबा नाचत चढले असते!" फहद इतका हसला की त्याला डोळे पुसावे लागले. हसता हसता तो, आजोबा झाडावरच्या माणसाला घालायचे तशी हाळी घालू लागला, आणि बाईंनी वरून मालवणीत उत्तर दिलं.

त्या दिवसापासून फहद प्रत्येक पाहुण्याला आधी मागच्या खोलीत नेऊ लागला. बागेच्या व्यवस्थापकाला त्याने सगळं स्पष्ट सांगितलं. मालकाच्या नातवंडांत थोडी कुरकुर झाली. शेवटी थोरला नातूच म्हणाला, पाटी लावा, खरं आहे ते लिहा.

हिवाळ्यात पाटी लागली. सुलक्षणाबाई खानावळीला सुट्टी देऊन, मोदकांचा डबा घेऊन सहकुटुंब गेल्या. फहदची म्हातारी आत्या, मर्झूकची धाकटी लेक, पाटीवरच्या बापाच्या नावावरून बराच वेळ बोट फिरवत राहिली. मग खोलीच्या उंबऱ्यावर बसून तिने एकामागून एक मोदक संपवले, पर्णिकाला जवळ ओढलं आणि फहदकरवी विचारलं, "या मुलीचं लग्न कधी?"

"आंटी, नो!" पर्णिका किंचाळली.

"इन्शाल्ला, इन्शाल्ला," म्हणत आत्याने डब्यात पुन्हा हात घातला.