प्रभुभोजनाची भाकरी

टोकावड्याजवळच्या पाड्यावरच्या प्रार्थनेत ती म्हातारी मला एकदाच भेटली. प्रभुभोजनात ख्रिस्ताची आठवण म्हणून सगळ्यांनी तुकडा तुकडा खायची तांदळाची भाकरी तिनेच थापली होती. ख्रिस्त फक्त देवाने आधीच निवडलेल्यांसाठी मरण पावला, असं पाळक सांगत होते. आजारी वडिलांना शेवटपर्यंत भेटायला न गेलेला मी मागे बसलो होतो. भाकरीचं ताट फिरत माझ्यापर्यंत आलं, पण मी हात पुढे केला नाही.

लुगड्याला हात पुसत ती शेजारी टेकली. "का रे, घेत नायस?"

"मावशी, ही भाकरी माझ्यासाठी नसावी."

"पाळकबाबांना पुस्तक ठावं. भाकरी मी थापलीय, आन् थापताना कुनाला वगळलं नाय. खायची का नाय, तेवढं तू बघ."

आपल्याला वगळलंय, असं मानून मी इतकी वर्षं सोपं जगलो होतो; वडिलांकडे न जाणं हा माझाच निर्णय होता, हे मग मानावं लागत नव्हतं. तिने तुकडा पुढे धरला. मी तो घेतला.