एक कडी वर

ईशान, रेवा, तुमचे आजोबा गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी मी दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसून मोसंबं सोलत होते. बराच वेळ ते डोळे मिटून पडले होते. मग अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाले, "घरात एक तुझ्यासाठी करून ठेवलंय. सापडलं तर लगेच सरळ करू नकोस." मी काय ते विचारलं, तर नुसते हसले आणि मोसंब्याची फोड मागितली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळीपुरती घरी आले होते, तेव्हा फोन आला... त्यांनी काय करून ठेवलं होतं, ते सांगायचं राहूनच गेलं.

"एक" म्हणजे काय, हे मला तेव्हाच कळलं होतं. तुम्हाला मात्र मुळापासून सांगायला हवं. तुम्ही सुट्टीत पंधरा दिवस येता, तेवढ्यात आजोबा तुम्हाला विसरभोळे वाटले असतील. घड्याळ कधी या हातावर, कधी त्या. ते मुळीच विसरभोळे नव्हते. मी लग्न होऊन डहाणूच्या या चिकूवाडीत आले त्याच्या आधीची गोष्ट. ते रोज सकाळी मन लावून पूजा करतात असं घरात सगळ्यांना वाटे. एक दिवस आरती संपली, निरांजन खाली ठेवलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की पहिल्या फुलापासून शेवटच्या घंटेपर्यंत आपण चिकूचा ट्रक वेळेवर हायवेला लागला असेल का, एवढाच विचार करत होतो. हात पूजा करत होते आणि मी चारोटी नाक्यावर उभा होतो, असं ते सांगायचे. त्या दिवशी त्यांनी घड्याळ डाव्या हातावरून उजव्या हातावर बांधलं. वेळ बघायला नजर डाव्या मनगटाकडे जायची, तिथे काही नसायचं, आणि त्या रिकाम्या मनगटाशी ते देवाचं नाव घ्यायचे. दोन-तीन महिन्यांत नजर शहाणी व्हायची, सरळ उजवीकडे जायची. मग घड्याळ परत डावीकडे आणि पंपाच्या खोलीची किल्ली दुसऱ्या खिळ्यावर. तिचीही सवय झाली की फाटकाच्या कडीऐवजी सुंभाची गाठ. सवय झाली की देव निसटतो, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

आता माझ्या बाजूने विचार करा. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, पुढे तलासरीच्या शाळेत इंग्रजी शिकवणारी. माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवर नावाच्या चिठ्ठ्या, कात्रीला ठरलेला खण, टॉवेलांच्या घड्या एकाच मापाच्या. आणि नवरा असा, की देव आठवावा म्हणून वस्तू मुद्दाम जागेवरून हलवणार! साखरेच्या आणि मिठाच्या डब्यांना त्यांनी हात लावला नाही, तेवढी मेहेरबानी. मी त्यांच्यामागून जाऊन सगळं जागच्या जागी ठेवायची, ते पुन्हा हलवायचे. माझ्या सासूबाई म्हणायच्या, तुमचा संसार म्हणजे एकाने रांगोळी काढायची आणि दुसऱ्याने पुसायची.

एकदा मात्र हसण्यावारी गेलं नाही. दहावीची परीक्षा होती, मला पर्यवेक्षणाला जायचं होतं आणि सकाळची तलासरीची एसटी गाठायची होती. ओळखपत्र कपाटात, आणि कपाटाची किल्ली जागेवर नाही. ती त्यांनी देव्हाऱ्यामागे टांगली होती. सापडेपर्यंत एसटी गेली. नंतर मी जीपमध्ये दाटीवाटीने बसून पोहोचले, उशीर झाला तो झालाच, आणि मुख्याध्यापकांचं बोलणं शिपायांसमोर ऐकून घ्यावं लागलं. संध्याकाळी मी पर्सही खाली न ठेवता यांना विचारलं, "तुमच्या देवाला माझीच किल्ली सापडली का?" जेवण झाल्यावर ते ओटीवर झोपाळ्याशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तुझ्या वस्तूला पुन्हा हात लावणार नाही." तो शब्द त्यांनी पस्तीस वर्षं पाळला.

माझीही पूजा होती. सकाळी साडेसहाला, आंघोळ करून, पंधरा मिनिटं. तीत खंड नाही, पण साडेसहाची माझी पूजा पावणेसातला संपायची ती संपायचीच. पुढचा सगळा दिवस माझा, देवाचा नाही. एकदा ते मला म्हणाले होते, "तुझ्याकडे तो वेळेवर येतो. माझ्याकडे बिचाऱ्याला कधीही यावं लागतं." मला तो टोमणा वाटला होता. आता वाटतं, ते मला बोलावत होते.

तेरावा झाला, पाहुणे गेले, आणि मी शोधायला लागले. सगळे खण उपसले. डब्यांची झाकणं काढून पाहिली, किल्ल्या एकेक लावून बघितल्या, चष्म्याची पेटी, शिवणाचा डबा, देव्हारा, पुस्तकांच्या रांगा... सगळं जागच्या जागी. घर अखेर मला हवं होतं तसं झालं होतं, आणि मला ते बघवत नव्हतं. पस्तीस वर्षांचा शब्द मोडून त्यांनी माझ्यासाठी एकच वस्तू हलवली होती, आणि तीच मला दिसत नव्हती. दुपारी दमून झोपाळ्यावर बसायचे. बसल्यावर अंग डावीकडे जायचं, पाय टेकवून सावरायचे. कंबर गेली माझी, असं समजून मी डॉक्टरांचा नंबरही काढून ठेवला होता.

रेवा, तू त्या रविवारी फोनवर म्हणालीस ते आठवतंय? "आजी, फोन नीट धर ना, तू वाकडी दिसतेस." मी झोपाळ्यावरूनच म्हटलं, अगं, फोन स्टुलावर उभा केलाय, सरळच आहे. तू म्हणालीस, "मग तूच वाकडी आहेस." मी तुझा फोन घाईने ठेवला, त्याबद्दल रागावू नकोस. आत जाऊन टोपलीतला एक चिकू आणला आणि झोपाळ्याच्या फळीवर ठेवला. तो गडगडत डाव्या टोकाला गेला आणि खाली पडला. पुन्हा ठेवला, पुन्हा तसाच गेला. मग चष्मा लावून साखळ्यांच्या कड्या मोजल्या. उजवी साखळी आकड्यात एक कडी वर अडकवलेली होती. त्या झोपाळ्यावर मी डावीकडे बसायचे, वह्या तपासायचे, आणि उजवीकडे ते.

त्यांच्यात फळी उचलायची ताकद उरली नव्हती, म्हणून कैनाडहून चिकू काढायला येणाऱ्या लक्ष्मणला विचारलं. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "काकांनी बोललेलं, काकूंना सांगायचं नाय. त्या सोधून काढतील." मग हसून म्हणाला, "लय दिवस लावले तुम्ही."

झोपाळा तसाच ठेवला. बसले की कलायचे, आणि कलले की आधी हे आठवायचे. देव त्यांच्यामागून यायचा, कधी यायचाही नाही. पण दिवसातून पाच-सहा वेळा माझं नामस्मरण व्हायला लागलं, साडेसहाच्या बाहेर. असे काही आठवडे गेले. मग गेल्या मंगळवारी मी झोपाळ्यावर बसून चहा प्यायले, पाण्याच्या टाकीला प्लंबर कधी बोलवायचा ते ठरवलं, कप घेऊन उठले आणि आत गेल्यावर थबकले. आपण कललोच नव्हतो. म्हणजे कललो होतो, पण अंगाला सवय झाली होती. देव आठवला नाही, हेही आठवले नाहीत.

त्यांच्या हिशेबाने आता ती कडी बदलायला हवी होती. पण ती त्यांनी सांगून करवून घेतलेली शेवटची गोष्ट. ती काढली तर त्यांचं घरात काय उरणार? दोन दिवस मी झोपाळ्याकडे नुसती बघत राहिले, बसले नाही... तिसऱ्या दिवशी लक्ष्मणला हाक मारली. त्याने फळी उचलून धरली आणि विचारलं, "काकांचं काढायचं?"

"काढायचं नाही," मी म्हटलं. "या बाजूला घाल."

त्याने उजवी साखळी उतरवली आणि डावी एक कडी वर चढवली. मी माझ्या जागी बसले. आता मी उजवीकडे सरकते, त्यांच्या रिकाम्या जागेकडे. हात टेकवून सावरते, आणि नाव घेते. सवय होईल तेव्हा लक्ष्मणला पुन्हा बोलवीन. तोवर फोनवर मी वाकडी दिसले, तर दिसू द्या.