दगडावरचा नुराक

दोलोत माझा मेहुणा. कोचकोर गावच्या बाजारामागं त्याची एक खोली, तिला उत्तरेकडं एकच खिडकी. आधी तो ट्रक हाकायचा, कंबर गेली तेव्हा कॅमेरा धरला. त्याच्या फोटोत माणूस घरी बसल्यासारखा दिसतो, असं लोक म्हणत. त्यात जादू नव्हती. माणसाला खिडकीकडं पाठ करून बसवायचं नाही. उजेड गालावर बाजूनं येऊ द्यायचा. दुसऱ्या गालावर फार अंधार पडला की मी पांढरी चादर ताणून उभा राहायचो, म्हणजे थोडा उजेड तिकडंही परतायचा. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला धरायचा आणि आधी डोळा स्वच्छ टिपायचा. कान धूसर झाला तर कुणी रडत नाही. आणि "हसा" म्हणायचं नाही. "झालं, उठा" म्हणायचं, माणूस सैल पडला की बटण दाबायचं.

एवढं ठाऊक असलेला माणूस आझार म्हातारीपुढं पार गोंधळला.

तिचा नवरा नुराक गेल्या हिवाळ्यात गेला. त्याच्या नावानं घालायचं वर्षाचं जेवण तोंडावर आलेलं. कबरीचा काळा दगड तयार होता, नाव कोरून झालेलं, फोटोवरनं चेहरा कोरायची जागा तेवढी मोकळी. फोटोचा नुराकला तिटकारा. लग्नातला एकुलता एक होता, त्यातही गड्यानं तोंड फिरवलेलं. म्हणून ती धाकट्या दिराला, सागिनला, दंडाला धरून घेऊन आली.

"ह्याचा काढ. नाक तेच, भुवया त्याच. बाकीचं तू बघ."

"बाकीचं म्हणजे काय, आजी?"

"बाकीचं म्हणजे नुराक."

सागिन भावाची उंच पांढरी टोपी घालून स्टुलावर बसला. "वहिनी, माझं तोंड थडग्यावर? मी अजून जेवतोय की!"

"जेवतोस ते दिसतंय," आझार म्हणाली. "गाल आत घे."

"मान कशी धरायचा नुराक?" दोलोतनं विचारलं.

"खाली."

"काय तरीच, वहिनी! दादा कायम ताठ."

"तुमच्यापुढं ताठ. घरात खाली."

दोलोतनं मान खाली घ्यायला लावली, मग वर. स्टूल खिडकीजवळ सरकवलं, मग लांब. चादर धरून माझे दंड भरून आले. शेवटी त्यानं "झालं, उठा" म्हणून बटण दाबलं. फोटो झकास आला.

आझारनं बघितला. "हा सागिन."

"सागिन बसलाय तर सागिनच येणार की!" दोलोतनं कपाळाला हात लावला. "दाजी, तुम्हीच सांगा. इथं नसलेल्या माणसावर मी उजेड कुठनं टाकू?"

मी भरलेले दंड झटकून चादर पुन्हा ताणली.

म्हातारी वैतागली. सागिनला स्टुलावरनं उठवलं, टोपी आपल्या डोक्यावर चढवली, स्वतः बसली. "असा बसायचा, बघा." गुडघ्यांवर हात रोवले, खालचा ओठ आत घेतला, डावा डोळा अर्धा मिटला आणि घोडा विकणारा थापा मारतोय हे ओळखूनही ऐकून घ्यावं, तशी ती आमच्याकडं बघायला लागली.

"दादा..." सागिन भिंतीला टेकला.

दोलोतचं बोट आपोआप पडलं.

दोन्ही फोटो घेऊन आम्ही पाथरवटाकडं गेलो. तो दोलोतवरच डाफरला, "माणसं दोन आणि चेहरा एक? बाईचा डोळा बाप्याला लावू व्हय?"

"लाव," दोलोत म्हणाला. "नाक-भुवया ह्याच्या, डोळे-ओठ हिचे. पुढचं मला विचारू नकोस, मलाच कळेना."

दगड बसवला त्या दिवशी गाव जमलं. "नुराकच की!" म्हणाले. एका म्हाताऱ्यानं तर सलाम ठोकला. सागिन लांब घोड्यांपाशी उभा, स्वतःचं नाक चाचपत. आझारनं दगडावरनं डोक्यावरच्या रुमालाच्या टोकानं धूळ पुसली. "नाकात जरा सागिन आलाय," ती म्हणाली. "असू दे."

जेवताना दोलोत हाड हातात धरून नुसता बसलेला.

"दाजी, मी नक्की कुणाचा फोटो काढला?"

"रस्सा गार होतोय," मी म्हणालो.