रस निवळेपर्यंत
फोन आला तेव्हा मी धाराशिवला कोर्टासमोरच्या टायपिंगच्या दुकानात काम करत होते. वकिलांचे हाताने लिहिलेले कागद समोर यायचे, मी ते टाइप करायचे, मालक प्रिंट काढून द्यायचे. दिवसभर कुणाशी बोलायची गरज पडायची नाही. संध्याकाळी खोलीवर जायचे. तिथंही मी एकटीच.

एका साखर कारखान्यात लॅब केमिस्टची जागा निघाली होती. हंगाम सुरू होऊन महिना झाला होता आणि त्यांचा एक केमिस्ट अचानक सोडून गेला होता. मी बी.एस्सी. केमिस्ट्री. अर्ज केला होता, पण बोलावतील असं वाटलं नव्हतं.

"पुढच्या गुरुवारी मुलाखतीला या," पलीकडचा माणूस म्हणाला. मी हो म्हणाले.

"हॅलो? आवाज येत नाही. मोठ्यानं बोला."

मी पुन्हा हो म्हणाले, तर घशातून नुसती खरखर आली. आदल्या दिवशी रविवार होता. त्या दिवशी मी एक शब्दही बोलले नव्हते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

जुनी पुस्तकं काढली. ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेले एकूण घन पदार्थ, पोल म्हणजे त्यातली साखर, दोन्हींवरून रसाची शुद्धता. हे सगळं डोक्यात होतं. मोठ्यानं म्हणायला लागले की मात्र दुसऱ्या वाक्याला आवाज बसायचा. सराव करायला समोर माणूस हवा होता. माझ्या वर्गातल्या मुली लग्न होऊन पांगल्या होत्या. येरमाळ्याजवळ आमचं गाव, तिथं आई, भाऊ आणि वहिनी. चार वर्षांचा संसार मोडून मी परत आले, तेव्हापासून तिथं माझ्याशी बोलताना सगळे आवाज खाली घ्यायचे. म्हणूनच मी तिथं राहिले नव्हते.

शेवटी एक उपाय काढला. दुकान सुटलं की एसटी स्टँडवर जायचं आणि चौकशीच्या खिडकीत काहीतरी विचारायचं. पहिल्या दिवशी नळदुर्गची गाडी विचारली, दुसऱ्या दिवशी तुळजापूरची, तिसऱ्या दिवशी कळंबची. तिथं बसणारे गृहस्थ रिटायरमेंटला आलेले. मान वर न करता वेळ सांगायचे. चौथ्या दिवशी त्यांनी चष्मा काढला.

"ताई, रोज इचारता अन् कुठं जात न्हाई. काय अडचण हाय का?"

मी खरं ते सांगून टाकलं. ते हसले नाहीत. मागं वळून त्यांनी एक स्टूल पुढं ओढलं.

"या आत. गर्दी न्हाई आत्ता. मी इचारतो, तुमी सांगा. मला त्यातलं काय कळत न्हाई, पण मला कळलं तर सायबाला नक्की कळंल."

मी त्यांना उसाच्या रसापासून साखरेच्या दाण्यापर्यंत सगळं सांगितलं. मधेच गाड्या लागायच्या, ते माइकवर पुकारायचे आणि माझ्याकडे वळून म्हणायचे, "हं, म्होरं?" मग त्यांनी माझा अर्ज मागून घेतला आणि बोट ठेवून वाचला.

"कॉलेज झाल्यावर ही चार वर्षं कुठं होतात?"

मी स्टूलवरून उठले. त्यांनी कागद घडी घालून परत दिला. "हे इचारतील बरं का," एवढंच म्हणाले.

गुरुवारपर्यंत मी चार वर्षांसाठी तीन उत्तरं तयार केली. आजारपण, घरगुती कारण, स्पर्धा परीक्षेची तयारी. तिन्ही पाठ होती.

मुलाखतीला टेबलापलीकडं तिघे होते. रसायनाचे प्रश्न नीट गेले. मग मधल्या साहेबांनी अर्जावर बोट ठेवलं, बरोबर त्याच ठिकाणी.

"लग्न झालं होतं," मी म्हणाले. पाठ केलेलं काहीच आठवलं नाही. "टिकलं नाही. त्या चार वर्षांत मी नोकरी केली नाही, काही शिकलेही नाही. परत आल्यावर पुस्तकं काढली."

"इथं शिफ्ट असते. घरून कुणाची हरकत?"

"हरकत घ्यायला कुणी नाही."

त्यांनी अर्ज बाजूला ठेवला. मग म्हणाले, "चला लॅबमध्ये."

तिथं त्यांनी ताज्या रसाची बादली दाखवली. ब्रिक्स काढायला सांगितलं. मी रस उंच नळीत भरला आणि हात बांधून उभी राहिले.

"घ्या की रीडिंग."

"रसात हवा आहे, सर. निवळू दे. वीस मिनिटं लागतील."

"आमच्याकडं वेळ कमी आहे."

"आत्ता घेतलं तर आकडा चुकेल."

कुणी काही बोललं नाही. एक जण मोबाइल बघत बसला, एक जण बाहेर जाऊन आला. मला त्या शांततेचं काही वाटलं नाही. मला तिची सवय होती. फेस वर आला, विरला. मग मी ब्रिक्स मोजायचा तरंगता काटा नळीत सोडला, रीडिंग घेतलं, तापमान बघून दुरुस्ती केली आणि आकडा लिहून दिला. साहेबांनी खिशातून चिठ्ठी काढून तिच्यावरच्या आकड्याशी तो ताडून पाहिला.

"सकाळपासून पाच जण आले," ते म्हणाले. "थांबलं कुणी नाही. सोमवारपासून या."

परतताना स्टँडवर उतरले. चौकशीच्या खिडकीसमोर लातूरच्या गाडीसाठी झुंबड होती. आतल्या गृहस्थांना मी लांबूनच नोकरीचं सांगितलं. "लागली? लई बेस झालं," ते म्हणाले आणि पुढच्या माणसाला वेळ सांगायला लागले.

आईला फोन केला.

"बरं झालं," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "तितं बी एकटीच ऱ्हाणार का?"

"व्हय."

"बरं," ती म्हणाली. वहिनीनं हाक मारली म्हणून तिनं फोन ठेवला.

सोमवारी कारखान्याच्या ऑफिसात क्वार्टरचा फॉर्म भरायचा होता. कुटुंबातील व्यक्तींच्या रकान्यात क्लार्कनं पेन टेकवलं.

"किती लिहू मॅडम?"

"एक."

त्यानं वर पाहिलं, एक लिहिलं, आणि सही कुठं करायची ते दाखवलं.