अठ्ठेचाळीसचा तक्ता

तोंडी परीक्षा चालू असताना मी मायक्रोस्कोपला डोळा लावून बसून राहिलो, ही माझी चूक. काचेवर तेव्हा पाहण्यासारखं काहीच नव्हतं.

अमरावतीच्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राचे प्रमुख होते. असे सर तुम्हीही पाहिले असतील. वर्गात आले की आधी रुमालाने खुर्ची झटकत, मग मुलांकडे पाहत. खुर्चीकडे जरा जास्त आदराने. माणसाच्या पेशीत गुणसूत्रं किती, याचं त्यांचं उत्तर ठरलेलं: "अठ्ठेचाळीस. लिहा आणि विसरू नका." अकोल्याच्या एका पेंटरकडून त्यांनी चोवीस जोड्यांचा तक्ता करून घेतला होता. पेंटरने दुकानाच्या पाटीसारखी प्रत्येक जोडीला सावली दिली होती. खाली सरांचं नाव, गुणसूत्रांहून ठळक.

साठ सालच्या सुमारास लायब्ररीत एक परदेशी अंक आला. गुणसूत्रं नव्याने मोजली गेली होती: सेहेचाळीस. आणि काही मुलांत एक जास्त निघत होतं, म्हणून ती मुलं जन्मापासून वेगळी होती, तिरप्या डोळ्यांची, मंद वाढीची. मी तो अंक दोनदा वाचला. सरांनी चाळला आणि कपाटात कोंडला. "गोऱ्यांना मोजता येत नाही," म्हणाले. मी हसलो. त्यांच्या विनोदाला हसणं हे माझ्यासारख्या त्यांच्या हाताखालच्या डेमॉन्स्ट्रेटरचं एक कामच होतं.

वर्गात नांदगाव खंडेश्वरची एक मुलगी होती. एकदा प्रयोग करता करता तिने हळूच विचारलं, "सर, माहा भाऊ नऊ वर्षांचा झाला, अजून धड बोलत नाई. डोळे तिरपे हायेत. सारे म्हणतात, मायनं ग्रहणात विळी धरली म्हणून. बाबा तर तिच्याशी बोलतच नाईत. खरं आहे का जी?"

मी म्हणालो, "त्याच्यात एक गुणसूत्र जास्त असावं. सत्तेचाळीस. आईचा काही दोष नाही."

"घरी सांगू?"

"सांग."

तोंडी परीक्षेत सरांनी तिला नेहमीचाच प्रश्न विचारला. ती म्हणाली, "सेहेचाळीस. माझ्या भावात सत्तेचाळीस असतील."

"भावाची मोजलीस वाटतं?" सर खुर्चीत मागे रेलून हसले. "कोणी शिकवलं हे?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी मायक्रोस्कोपात पाहिलं.

"कोणीच नाई, सर," ती म्हणाली.

सरांनी तिला नापास केलं. बाहेर व्हरांड्यात तिने मला एवढंच विचारलं, "मंग घरी आता काय सांगू जी?"

"नंतर बोलू," मी म्हणालो. ते नंतर काही आलं नाही.

सर निवृत्त झाले, पुढे वारले. शोकसभेत मी त्यांच्या 'ज्ञाननिष्ठेवर' दहा मिनिटं बोललो. लोकांनी डोळे पुसले. मला स्वतःची शिसारी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी नांदगावची गाडी पकडली.

त्या मुलीची आई अंगणात तूर पाखडत होती. मुलगा आता मोठा झालेला. शेजारी बसून खडे वेचत होता. मी कॉलेजातून आलोय म्हणालो.

"पोरगी सासरी हाये, मूर्तिजापूरले," ती म्हणाली. "बसा."

मी उभ्यानेच बोललो. "आई, ग्रहणाचा काही संबंध नव्हता. दोष तुमचा नव्हता. मुलीला ते मीच सांगितलं होतं. परीक्षेत मात्र मी गप्प बसलो. मला माफ करा."

तिने सूप खाली ठेवलं.

"तिनं सांगतलं होतं घरी. तिचे बाबा म्हणे, कॉलेजातल्या सरायनंच खोटं ठरवलं ना? तवापासून ती गप झाली." मग घराकडे वळून तिने हाक मारली, "अवो, बाहेर या!" आणि मला म्हणाली, "मले नका सांगू. त्यायले सांगा."

तिचा नवरा दारात आला. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. या वेळी शेजारच्यांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.