कानातला कापूस

तो सवारीचा सोमवार मी विसरलेलो नाही, विसरायचाही नाही. तेव्हा आमचं मध्यभारत होतं, मध्यप्रदेश अजून व्हायचा होता. मी चौथी पास, संस्थानात शिपाई म्हणून भरती झालेला, आणि स्वतःच्या हिमतीवर थानेदार झालेला. श्रावणात उज्जैनला महाकालाची सवारी निघाली की सगळं ठाणं बंदोबस्ताला. पुढे कडाबीन, म्हणजे बारुदाची छोटी तोफ, सुटायची. तिचा धमाका ऐकला की गल्लीगल्लीतून माणसं दर्शनाला धावायची. काय दिवस होते! अजून वर्दी घालावीशी वाटते.

सवारी पुढे सरकली आणि एक शेजारी धावत आला. "साहेब, बहूनं सासऱ्याला संपवलं. दुधात काहीतरी दिलं!"

मयत फाळणीत पंजाबातून आलेला, फ्रीगंजात कापडाचा दुकानदार. मुलगा माल आणायला बाहेरगावी. घरात सून एकटी. प्रेत खाटेवर, शेजारी दुधाचा रिकामा पेला, आणि दोन्ही कानांत कापूस.

माझा हवालदार हुशारीनं म्हणाला, "मयताला कापूस घालतात तसा घातलाय, साहेब. आधी सगळी तयारी केली, मग बोंब मारली."

बाहेर लोक तेच ओरडत होते. पंचनामा केला, पेला सील केला, प्रेत शवविच्छेदनाला पाठवलं. सुनेला ठाण्यात आणलं, सोबत शेजारची एक म्हातारी बसवली.

"दूध तूच दिलंस?"

"जी."

"कापूस?"

"मैंने ही."

"कधी घातलास?"

गप्प. डोळ्यांत पाणी, पण तोंड बंद. गुन्हा शाबीत झाला तर फाशी, हेही सांगितलं. तरी गप्प.

हवालदार कानाशी आला. "एक लगावू का?"

"माझ्या ठाण्यात बाईवर हात उठला, तर पट्टा काढून घरी बसवीन," मी म्हणालो. गप्प माणूस मारानं खोटं बोलतो. खऱ्यासाठी त्याला वेळ द्यावा लागतो.

चहा मागवला. चहा पिताना ध्यानात आलं, मयताच्या नाकातही कापूस घालतात. इथे नाक मोकळं होतं. म्हणजे कापूस जिवंत माणसाच्या कानात घातला. आता सवारीच्या दिवशी कान कोण बंद करतो? उज्जैनचं पोरही कडाबीनकडे कान लावून बसतं.

म्हातारीला विचारलं, "आजी, एरवी सवारीच्या दिवशी हिचे सासरे काय करायचे?"

"दुकान बंद. सकाळीच देवास गेटवरून बस पकडून गावाबाहेर. नास्तिकच होते मेले!"

मी सुनेकडे वळलो. "बेटी, बाबूजींना धमाका सहन होत नव्हता ना?"

बांध फुटला. "ट्रेन में गोलियाँ चली थीं, साहब. अम्माजी उनकी गोद में ही गईं. तब से पटाखा भी बजे तो पसीना-पसीना. आज सीने में दर्द था, बस तक जा नहीं पाए. मैंने कानों में रुई डाली, दूध दिया. उन्होंने कसम दी थी, किसी से मत कहना."

सरकारी डॉक्टरांना हृदयाच्या धमनीत रक्ताची गुठळी सापडली. पुढे तपासणीतही विष निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, "भ्यालेलं शरीर जखमेच्या तयारीत असतं. रक्त वाहून जाऊ नये म्हणून ते लवकर गोठतं. हा माणूस वर्षानुवर्षं त्या तयारीत जगला. पण गुठळी त्यानंच झाली, असं मी लिहून देणार नाही."

आता माझ्याच हृदयाचे डॉक्टर सांगतात की असा आघात ज्यांना सोडत नाही, त्यांच्यात रक्त गोठण्याचा कल आणि हृदयाचं दुखणं जास्त दिसतं. मी म्हटलं, "मला तुमच्या आधीपासून ठाऊक आहे."

सुटल्यावर ती म्हणाली, "साहब, मोहल्ले में मत बताना कि बाबूजी डरते थे."

तिचं नाव धुवायचं होतं आणि त्याचंही राखायचं होतं. मी स्वतः तिला गल्लीत सोडायला गेलो, लोक जमवले. "हृदयाचं दुखणं होतं. विष नव्हतं. बहूनं शेवटपर्यंत सेवा केली. ज्याला आणखी काही विचारायचं असेल त्यानं ठाण्यात यावं." कोणी आलं नाही.

त्या केसनं मला एक शिकवलं. गुन्हा लपवणारा आणि दुसऱ्याची लाज झाकणारा, दोघेही पोलिसासमोर सारखेच गप्प बसतात. फरक ओळखण्यासाठीच सरकार आपल्याला वर्दी देतं.